शेवटच्या अर्ध्या तासाचं इंधन

तिची नोकरी नेमकी काय आहे, हे सासरच्या लोकांना बरीच वर्षं कळलं नव्हतं. 'फ्लाइट डिस्पॅचर' म्हटलं की त्यांना पार्सलं आठवायची. एका चुलत सासऱ्यांनी तर भर जेवणात विचारलं होतं, "मग पुस्तकांचं एक खोकं आमच्या धाकट्या मुलाकडे पाठवायचं आहे, तुमच्याकडून लवकर जाईल का गं?" तिने बिचारीने समजावून सांगितलं होतं. विमान उडायच्या आधी त्याचा रस्ता आखायचा, हवामान बघायचं, टाकीत किती इंधन भरायचं ते ठरवायचं, त्या आराखड्यावर कॅप्टनच्या सहीशेजारी आपली सही करायची आणि विमान उतरेपर्यंत त्याच्यावर डोळा ठेवायचा. चुलत सासरे मान डोलवत राहिले. सासूबाईंनी मात्र एका वाक्यात निकाल लावला, "म्हणजे ही खाली बसून विमान चालवते." शेजारीपाजारी त्या तसंच सांगत आल्या, आणि तिनेही पुढे दुरुस्ती करायचा नाद सोडला.

या नोकरीत तिला आणलं ते धाकट्या दिराने. तो त्याच कंपनीत वैमानिक होता. लग्न होऊन आली तेव्हा ती एका कॉलेजात भूगोल शिकवत होती, तीही तात्पुरती, दर वर्षी नव्याने नेमणूक. दीर एकदा म्हणाला, "वहिनी, तुला नकाशे आवडतात, वारे आवडतात आणि दुसऱ्याला कामाला लावायला तर सगळ्यात जास्त आवडतं. तुझी जागा आमच्याकडे आहे." तिने ते मनावर घेतलं, परीक्षा दिल्या, पास झाली. पहिल्याच आठवड्यात दिराचा नियोजन कक्षात फोन आला, "जरा वहिनीला द्या." फोन उचलणाऱ्याने मोठ्याने हाक मारली, "वहिनी कोण आहे इथं?" झालं. तेव्हापासून सगळ्या कक्षाची ती वहिनी झाली. तिच्याहून वयाने कितीतरी मोठे असलेले शिफ्टचे साहेबसुद्धा तिला वहिनीच म्हणत.

कक्ष म्हणजे एक लांबट खोली, खिडकी नसलेली. आकाशाचं सगळं काम चालायचं आणि आकाश तेवढं दिसायचं नाही. भिंतीवर पडदे, प्रत्येक टेबलावर आणखी तीन पडदे, आणि एसी इतका कडक की प्रत्येकाच्या खुर्चीवर स्वेटर कायमचा मुक्कामाला.

इंधनाचा हिशोब ती नव्या लोकांना फार सोपा करून सांगायची. जायला लागेल ते एक. तिथे उतरता आलं नाही, तर दुसऱ्या विमानतळावर जायला लागेल ते दुसरं. वारा फिरला, रस्ता लांबला, तर थोडं वरखर्चाला. आणि सगळ्यांत तळाशी शेवटच्या अर्ध्या तासाचं. "त्या अर्ध्या तासाला हात लावायचा नाही," ती बजावायची. "ते आहे असं समजायचंच नाही. टाकीत ते तसंच ठेवून उतरायचं." यावर आणखी भरायचं की नाही, हा डिस्पॅचरच्या आणि कॅप्टनच्या समजुतीचा भाग. जास्त भरलं की विमान जड होतं, आणि जड विमान ते जास्तीचं इंधन वाहून नेण्यातच त्यातलं थोडंफार पिऊन टाकतं. म्हणून कुणी सढळ हाताने भरतं, कुणी मोजूनमापून.

ती सढळ हाताची होती. अंदाजात ढगाचा तुकडा दिसला तरी तिचा हात सैल सुटायचा. दीर मोजूनमापूनवाला. घरी जेवताना दोघांचे यावरून खटके उडायचे, पण ते हसतखेळत.

हसणं बंद पडलं ते कंपनीच्या एका बैठकीत. इंधन वाचवायचे उपाय सुचवायला वैमानिकांना आणि डिस्पॅचरांना एकत्र बसवलं होतं. दीर उठला आणि म्हणाला, "काही आराखडे हवामान बघून होतात आणि काही भीतीपोटी. भीतीपोटी केलेले मी वजनावरून ओळखतो." त्याने नाव घेतलं नाही. पण खोलीतल्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या, दोघेतिघे हसलेही. ती घरी आल्यावर नवऱ्याला म्हणाली, "तुमच्या भावाने आज भर सभेत माझी शोभा केली."

नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. दिवसभर लोकांना "हे स्पष्ट दिसतं की ते?" असं विचारणारा माणूस, घरातल्या भांडणात मात्र त्याला कुठलीच बाजू स्पष्ट दिसेना. "अगं, तो बोलून जातो, त्याच्या मनात तसं नसतं," तो म्हणाला.

"मग मनात असेल ते बोलायला सांगा त्याला."

दिराला माफी मागायला सुचलं नाही, आणि तिने ती मागितल्याशिवाय बोलायचं नाही असं ठरवलं. सुट्टीच्या दिवशी जेवायला येणारा दीर आता तिची शिफ्ट बघून आईला भेटायला यायला लागला. कामावर बोलणं भागच होतं, पण तिथेही तो तिला 'डिस्पॅच' म्हणायला लागला. सगळी कंपनी वहिनी म्हणते आणि सख्खा दीर तेवढा म्हणत नाही, अशी गंमत झाली. साहेबांच्या ते लक्षात आलं होतं. पण घरगुती मामल्यात पडायचं नाही म्हणून ते गप्प राहिले.

आणि एक गोष्ट तिच्या हातून नकळत सुरू झाली. म्हणजे पहिल्यांदा नकळत, मग चांगली कळून. दिराच्या विमानाचा आराखडा आला की ती नियमात बसेल तेवढंच इंधन लिहायची. वर थेंब नाही. 'मला भित्री म्हणतोस ना, घे मग.' दीरही तो आकडा बघायचा आणि चकार शब्द न काढता सही करायचा. एरवी कॅप्टन फोन करून म्हणतात, आज थोडं वाढवा. तो करायचा नाही. मागितलं असतं तर तिचं म्हणणं खरं ठरलं असतं.

असे कितीतरी दिवस गेले आणि काही बिघडलं नाही. हवा स्वच्छ असली की नियमातलं इंधन भरपूर असतं.

तो दिवस थंडीतला होता. सकाळच्या आराखड्यांत दिराचं विमान होतं, दीडेकशे प्रवासी, समुद्राकाठच्या मोठ्या शहराला जाणारं. तिथे पहाटेपासून धुकं होतं. अंदाज म्हणत होता की विमान पोचेपर्यंत ते विरेल. रेंगाळण्याची शक्यता थोडी. त्या 'थोडी'पाशी तिची बोटं थांबली. दुसरा कुठलाही कॅप्टन असता तर तिने तिथे घिरट्या घालता येतील इतकं जास्तीचं इंधन डोळे मिटून घातलं असतं. तिने पर्यायी विमानतळ नेमला, नियमाचा आकडा लिहिला आणि आराखडा पाठवून दिला. सही होऊन परत आला. फोन आला नाही.

विमान पोचलं तेव्हा धुकं जागेवरच होतं. वर आधीच पाचसहा विमानं एकावर एक थर लावून गोल फिरत होती. दिराला सगळ्यांत वरचा थर मिळाला. कंपनीच्या रेडिओवर त्याचा आवाज आला, "डिस्पॅच, धुकं उठायला लागलंय म्हणतात. मी थांबतो."

तिच्या पडद्यावर त्याच्या टाकीचा आकडा उतरत होता. तिला म्हणायचं होतं, थांबू नका, आत्ताच वळा, बाकीचेही वळले की पर्यायी विमानतळावर झुंबड उडेल. ती म्हणाली, "समजलं. निर्णय तुमचा." नियमाने त्यात काहीच चूक नव्हती.

त्याने दोन गोल मारले आणि अगदी शेवटच्या क्षणी, दुसरीकडे जाण्यापुरतंच इंधन उरलेलं असताना, तो वळला. निम्मी वाट गेला असेल-नसेल, तिच्या टेबलावरचा फोन वाजला. पर्यायी विमानतळावर एका अवजड मालवाहू विमानाचं टायर धावपट्टीवर फुटलं होतं. विमान मधोमध रुतून बसलं होतं. धावपट्टी बंद.

तिने फोन ठेवला आणि साहेबांकडे नुसतं पाहिलं. साहेब खुर्ची सरकवून तिच्या मागे येऊन उभे राहिले. तिने रेडिओ उचलला आणि जसं होतं तसं सांगितलं.

दीर म्हणाला, "किती वेळात मोकळी होईल?"

"ते अर्धा तास म्हणतात."

"मग मी तिथे वर थांबतो."

"टायर फुटलेलं अवजड विमान अर्ध्या तासात हललेलं मी आजवर पाहिलं नाही."

"मग मागे जातो. धुकं आता उठेलच."

"उठेल म्हणून तर आपण सकाळपासून बसलोय." एवढं बोलेपर्यंत तिची बोटं नकाशावर फिरत होती. त्या वाटेच्या डाव्या हाताला, डोंगराच्या पायथ्याशी, एक लहान विमानतळ होता. कंपनीची पंख्यांची छोटी विमानं तिथे जायची. मोठं जेट कधी गेलं नव्हतं. तिने धावपट्टीची लांबी काढली, विमानाचं वजन घातलं, वारा घातला. एका हाताने तिथल्या टॉवरला फोन लावला.

टॉवरवर एक संथ आवाजाचे गृहस्थ होते. "आमच्याकडे ऊन पडलंय," ते म्हणाले. "पट्टी कोरडी आहे. कडेला गवत कापणारे आहेत, त्यांना हाकलतो."

"आगीचा बंब?"

"बंब आहे. बंबावरची माणसं नाश्त्याला गेलीत. भोंगा दिला की धावत येतील."

"द्या भोंगा," ती म्हणाली आणि रेडिओकडे वळली. तिने दिराला विमानतळाचं नाव सांगितलं.

"तिथे आपली मोठी विमानं जात नाहीत."

"धावपट्टी पुरते, मी हिशोब केलाय. कोरडी आहे, वारा समोरून आहे, स्वच्छ दिसतंय. उतरायला पुरते. परत उडायचं कसं ते जमिनीवर बसून ठरवू."

सगळी खोली कान टवकारून होती. आणि मग किती महिन्यांनी तो शब्द आला.

"वहिनी, नक्की?"

"नक्की. पण भाऊजी, आत्ता वळलात तरच. पुढे गेलात की तेही हातचं जाईल."

"वळलो," तो म्हणाला. पडद्यावरचा लहानसा बाण डावीकडे कलला.

खरा पेच पुढेच होता. तिने नवा हिशोब मांडला. उतरताना टाकीत जे उरणार होतं ते त्या शेवटच्या अर्ध्या तासाच्या किंचित खाली जात होतं. किंचितच. कॉकपिटमध्ये त्यालाही तोच आकडा दिसत असणार. थोड्या वेळाने तो म्हणाला, "मी कंट्रोलला 'मिनिमम फ्युएल' सांगितलंय. पुढे एक शिकाऊ विमान आहे, मला त्याच्या मागे लावतायत."

विमानांची रांग लावणाऱ्या कंट्रोलला हवेतून या बाबतीत दोन गोष्टी सांगता येतात. 'मिनिमम फ्युएल' म्हणजे, मला आता उशीर परवडणार नाही, लक्षात असू द्या. त्याने रांग मोडत नाही. दुसरा शब्द 'मेडे'. तो उच्चारला की रांग राहतच नाही, सगळं आकाश बाजूला होतं. मात्र त्यानंतर चौकशी होते, कागद होतात, चारचौघांत चर्चा होते. मोजूनमापून उडणारा म्हणून ज्याचा लौकिक, त्याच्या तोंडून तो शब्द निघणं किती जड आहे, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार!

"मेडे म्हणा," ती म्हणाली.

"इतक्या थोडक्यासाठी?"

"थोडक्यासाठीच तो शब्द आहे. संपल्यावर म्हणून काय उपयोग?"

पडद्यावरचा आकडा आणखी उतरला.

"भाऊजी, चौकशीला खुर्चीवर बसून उत्तरं देता येतात. मीही शेजारी बसेन. म्हणा."

कंट्रोलशी तो काय बोलला ते या रेडिओवर ऐकू येत नव्हतं. थोड्याच वेळात त्याचा आवाज आला, "म्हटलं. शिकाऊ विमान बाजूला घेतलंय. आम्ही सरळ चाललोय." मागोमाग विमान डोंगराआड उतरत गेलं आणि रेडिओ बंद पडला. पडद्यावरचा बाणही जिथल्या तिथे थिजला. आता उरला तो फक्त टॉवरवरच्या गृहस्थांचा चालू ठेवलेला फोन.

"दिसतंय का काही?" तिने विचारलं.

"अजून नाही." मागे भोंगा वाजत होता. "बंबवाले आले. एकाच्या हातात अजून पाव आहे." मग, "दिसलं. केवढं मोठं दिसतंय हो! चाकं खाली आहेत. सरळ आहे. आता झाडांच्या वर आलं." तिने फोन कानाला घट्ट दाबला, साहेब पुढे वाकले. "टेकलं. धावतंय. अजून धावतंय. ब्रेक लागले... थांबलं. अजून पट्टी शिल्लक आहे."

खोलीत कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. साहेबांनी तिच्या खुर्चीच्या पाठीवर दोनदा थोपटलं आणि ते आपल्या जागेवर गेले. तिच्या नावावर त्या वेळी आणखी दोन विमानं आकाशात होती. तिने त्यांचं हवामान पाहिलं, एकाला वाऱ्याचा निरोप पाठवला आणि मग पाणी प्यायला उठली.

त्या लहान विमानतळावर एवढ्या उंच दाराला पुरेल असा जिनाच नव्हता. प्रवासी आतच अडकून पडले. टँकर आला, गरजेपुरतंच इंधन भरलं म्हणून विमान हलकं राहिलं आणि आखूड धावपट्टीवरून उडूही शकलं. दुपारपर्यंत धुकं विरलं आणि सगळे ठरल्या ठिकाणी पोचले. कंपनीकडे आलेल्या तक्रारींपैकी बहुतेक चहा न मिळाल्याच्या होत्या. आपण कशातून सुटलो, हे फार थोड्यांना कळलं.

चौकशीची खोली मुख्य कचेरीत वरच्या मजल्यावर होती. तिघेजण समोर बसले होते, कुणी वाईट वागलं नाही. एकाने विचारलं, "धुकं रेंगाळण्याची शक्यता अंदाजात होती. जास्तीचं इंधन का घातलं नाहीत?"

उत्तर तिने घोकून आणलं होतं. "नियमाप्रमाणे लागणारं सगळं इंधन होतं."

"बरोबर आहे," तो म्हणाला आणि पुढच्या प्रश्नाकडे वळला.

ती बाहेर आली. बाकावर दीर बसला होता, गणवेशात, टोपी मांडीवर. त्याचा नंबर पुढचा होता. जागा भरपूर होती तरी ती उभीच राहिली.

"काय विचारलं?" त्याने विचारलं.

"इंधन जास्त का नाही घातलं."

"मलाही तेच विचारतील. का नाही मागितलं." तो टोपीचा काठ फिरवत राहिला. "वहिनी, त्या सकाळी अंदाज वाचला तेव्हा फोन हातात घेतला होता मी. दुसरं कुणी असतं तर मागितलं असतं."

"मग का नाही मागितलंत?"

"तू म्हणाली असतीस, काय झालं, भीती वाटली का?"

"म्हटलं असतं," ती म्हणाली. "नक्की म्हटलं असतं." मग ती बाकावर बसली. "आणि दुसरं कुणी असतं तर तुम्ही मागायच्या आधीच मी घातलं असतं."

आतून दार उघडून कारकुनाने दिराला बोलावलं. तो उठला, पण त्याच्या आधी ती उठली.

"मला पुन्हा आत यायचं आहे," ती कारकुनाला म्हणाली. "एक सांगायचं राहिलं."

"वहिनी, गरज आहे का?" दीर हलकेच म्हणाला. "नियमात सगळं बसतंय."

"बसतंय म्हणूनच सांगायला हवं. नाहीतर कुणाला कळणार कसं?"

दोघे बरोबरच आत गेले. तिने आधी सांगितलं, मग त्याने. समोरच्या तिघांनी हातातले फॉर्म उलटसुलट करून पाहिले. रुसव्याफुगव्यासाठी त्यांच्याकडे रकाना नव्हता. शेवटी त्यांनी दोघांनाही लेखी समज दिली. तिला काही आठवडे टेबलावरून काढून नव्या लोकांना शिकवायला बसवलं, त्याला तेवढाच काळ जमिनीवर ठेवलं. शिवाय नियोजन कक्षाला एक सूचना आली: अंदाजात शंका असेल तेव्हा डिस्पॅचर आणि कॅप्टन यांनी सही करण्याआधी फोनवर प्रत्यक्ष बोललंच पाहिजे. काही कॅप्टन कुरकुरले, एवढा वेळ कुणाला आहे म्हणाले. पण बोलायला लागले.

बैठकीतल्या त्या वाक्याची माफी दिराने मागितली का? मागितली, पण आपल्या पद्धतीने. पुढच्या सुट्टीच्या दिवशी तो घरी आला आणि स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणाला, "वहिनी, तेव्हा मी वजनावरून ओळखतो म्हणालो ते चूक होतं. वजनावरून काहीच ओळखता येत नाही."

"बसा जेवायला," ती म्हणाली.

सासूबाईंना सगळी हकिकत नवऱ्याने आधीच सांगितली होती. त्या ताट पुढे ओढत म्हणाल्या, "तुम्ही दोघं इथं भांडत जा. वर माणसं बसलेली असतात."

ती शिकवणं संपवून कक्षात परतली तेव्हा साहेब निवृत्त झाले होते आणि त्यांच्या जागी तिलाच बसवायचं घाटत होतं. तिने थोडे दिवस मागून घेतले. तिला आधी टेबलावर बसायचं होतं. दिराची विमानं मात्र तिने आपणहून दुसऱ्यांकडे दिली. त्याला ते पटलं नाही, आणि जेवताना तो वाद पुन्हा निघाला. आपल्या माणसाच्या आराखड्यावर आपणच सही करावी की करू नये, यावर दोघांचे आवाज चढत गेले. दीर म्हणत होता, तुझ्याइतकं नीट दुसरं कोण बघेल. ती म्हणत होती, नीट बघणं वेगळं आणि तुमच्याकडे बघून लिहिणं वेगळं. सासूबाई दोघांना आळीपाळीने वाढत होत्या. नवऱ्याने हात धुतले, आज कुणाची बाजू घ्यायची वेळ आली नाही म्हणून सुटकेचा श्वास सोडला, आणि दुकानाच्या किल्ल्या खिशात टाकून, कुणाला काही न सांगता जिना उतरला.